तीनशे वर्षांची राखण

मुंबईच्या पूर्व कडेला, ठाण्याच्या खाडीलगत ट्रॉम्बेची टेकडी आहे आणि तिच्या कुशीत भाभा अणुसंशोधन केंद्र. 13 डिसेंबर 1991 रोजी या केंद्राच्या आवारात, सायरस आणि ध्रुव या अणुभट्ट्यांच्या जवळून जाणाऱ्या नळातून गळती झाली. पुढे जे वृत्तांत प्रसिद्ध झाले, त्यांनुसार तिथल्या मातीत सीझियम-137 हे किरणोत्सारी द्रव्य मान्य मर्यादेच्या हजारो पट सापडले. आसपासच्या झाडाझुडपांतही ते उतरले होते. नळ नेमका कुठे फुटला आहे हे पाहायला जमीन खणावी लागली. खणणारे कंत्राटी मजूर होते आणि त्यांच्या शरीरात किती किरणोत्सर्ग गेला याची तपासणी झाली नाही, असेही त्या वृत्तांतांत नमूद आहे.

महाराष्ट्रात अणुकचऱ्याची चर्चा निघाली की जपान, रशिया आणि अमेरिकेची नावे आधी येतात. माती आणि झाडे दूषित झाल्याचे उदाहरण मात्र राज्याच्या राजधानीतच आहे, आणि त्यात या प्रश्नाचे सगळे धागे एकत्र आले आहेत. जमिनीखालचा न दिसणारा नळ, मुळांवाटे झाडात चढणारे द्रव्य, हाती कुदळ असलेला पण काही न सांगितला गेलेला माणूस, आणि लोकांपर्यंत वर्तमानपत्रांतून पोचलेली माहिती. यातला तंत्रज्ञानाचा भाग अवघड असला तरी सुटण्यासारखा आहे. शेवटचे दोन धागे सुटल्याशिवाय मात्र पहिल्या दोहोंवर भरवसा ठेवता येत नाही. ज्या कचऱ्याची राखण शतकानुशतके करायची आहे, तो शेजारच्या गावांपासून लपवून राखता येणार नाही.

आधी मातीत काय घडते ते पाहू. अणुइंधन जळल्यावर उरणाऱ्या शेकडो द्रव्यांपैकी शेतीच्या दृष्टीने दोन सर्वांत महत्त्वाची: सीझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90. दोन्हींचे अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास. म्हणजे आजचा साठा तीस वर्षांनी निम्मा, साठ वर्षांनी पाव, आणि हजारावा हिस्सा उरायला दहा अर्धायुष्ये, म्हणजे सुमारे 300 वर्षे लागतात. रसायनशास्त्राच्या नात्याने सीझियम हे पोटॅशियमचे भाऊबंद आणि स्ट्रॉन्शियम हे कॅल्शियमचे. रोपाच्या मुळांना हा फरक पुरता ओळखता येत नाही. पालाश शोषताना ती सीझियमही घेतात, चुना शोषताना स्ट्रॉन्शियमही. तिथून ते धान्यात, चाऱ्यात, दुधात आणि हाडांत जाते.

पण किती शोषले जाईल, हे मातीवर ठरते. काही चिकणमातीच्या खनिजांचे थर जुन्या पोथीच्या कुरतडलेल्या कडांसारखे असतात. सीझियमचे कण त्या कडांत जाऊन असे अडकतात की मुळांना ते सहज सोडवता येत नाहीत. जमिनीत पालाश भरपूर असेल तर पिकात जाणारे सीझियम आणखी कमी होते. रेताड, आम्लधर्मी किंवा पालाश कमी असलेल्या जमिनीत उलट घडते. चेर्नोबिलचा स्फोट 1986 मध्ये युक्रेनमध्ये झाला, पण ब्रिटनच्या वेल्स आणि कंब्रियामधल्या डोंगराळ कुरणांवर पावसाने जे सीझियम उतरवले ते तिथल्या दलदलीच्या, चिकणमाती कमी असलेल्या जमिनीत मोकळेच राहिले. गवत ते घेत राहिले आणि मेंढ्या गवत खात राहिल्या. मेंढ्यांच्या विक्रीवरचे तिथले अखेरचे निर्बंध उठायला 2012 साल उजाडले. तिथून अपघाताची जागा दोन हजार किलोमीटरहून दूर होती.

याचा अर्थ महाराष्ट्रासाठी सरळ आहे. मराठवाड्याची काळी, पालाशयुक्त, चिकण जमीन आणि कोकणातली तांबडी, आम्लधर्मी, पावसाने धुऊन निघणारी जांभ्याची जमीन एकाच गळतीला एकसारखा प्रतिसाद देणार नाहीत. परदेशातल्या मातीवरून काढलेला सरासरी आकडा इथल्या गावाला उपयोगाचा नाही. इथली माती इथेच मोजावी लागते, आणि ती आधीपासून मोजलेली असावी लागते. कारण 1950 आणि 60 च्या दशकांत महासत्तांनी हवेत केलेल्या अणुचाचण्यांची राख जगभर पसरली आणि सीझियमचा अगदी बारीक अंश जवळपास सर्वत्र जमिनीच्या वरच्या थरात आहे. आधीची नोंद नसेल, तर नंतर सापडलेले सीझियम चाचण्यांचे की शेजारच्या कोठाराचे, यावर वाद घालत बसावे लागेल. आणि अशा वादात गावाची बाजू नेहमीच लंगडी पडते.

नोंद लपवली तर काय होते, याचा जगातला सर्वांत मोठा धडा उरल पर्वताच्या पायथ्याशी आहे. सोव्हिएत संघाच्या मायाक कारखान्यात शस्त्रांसाठी प्लुटोनियम काढल्यावर उरणारा द्रवरूप कचरा जमिनीखालच्या टाक्यांत भरला जाई. 29 सप्टेंबर 1957 रोजी त्यांतल्या एका टाकीची थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडल्याने आतली द्रव्ये तापली आणि टाकी फुटली. सुमारे 2 कोटी क्युरी किरणोत्सर्ग बाहेर पडला. त्यातला दहावा हिस्सा वाऱ्यावर चढून शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावर पसरला. हळूहळू दहा हजारांवर माणसे उठवली गेली. पीक जाळले, गुरे मारली, पण कारण सांगितले नाही. अणुभट्टी नव्हे, कचऱ्याची टाकी फुटून झालेला हा अपघात सोव्हिएत सरकारने अधिकृतपणे मान्य केला तो 1989 मध्ये, बत्तीस वर्षांनी.

त्याआधीच तो उघड केला होता झोरेस मेदवेदेव या निर्वासित जीवशास्त्रज्ञाने. 1976 मध्ये लंडनच्या ‘न्यू सायंटिस्ट’मध्ये त्यांनी या स्फोटाचा ओझरता उल्लेख केला, तेव्हा ब्रिटिश अणुऊर्जा प्राधिकरणाच्या प्रमुखांनी तो कचऱ्यात काढला. मग मेदवेदेव ग्रंथालयात बसले. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी वनस्पती, माती, मासे आणि प्राणी यांच्यातल्या स्ट्रॉन्शियमवर अनेक निबंध छापले होते. त्यांत ठिकाणाचे नाव नव्हते आणि दूषित होण्याचे कारणही नव्हते. पण कोणती झाडे, कोणते प्राणी, किती मोठे तळे, किती मासे पकडले, हे सगळे होते. एवढ्या मोठ्या तळ्यात आणि एवढ्या विस्तीर्ण रानात कोणी प्रयोगासाठी मुद्दाम विष कालवत नाही, हे त्यांनी दाखवले. झाडा-प्राण्यांच्या जातींवरून प्रदेश ओळखला आणि 1979 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. राज्यसंस्थेने तोंड मिटून घेतले होते, तेव्हा उरलच्या गवताने आणि बर्चच्या झाडांनी साक्ष दिली. तोवर त्या पट्ट्यातल्या माणसांची वीस वर्षे गेली होती.

अमेरिकेची गोष्ट वेगळ्या वळणाची. वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला कोलंबिया नदीच्या काठी शस्त्रांच्या कचऱ्याच्या 177 भूमिगत टाक्या आहेत. त्यांत 5 कोटी 60 लाख गॅलनच्या आसपास कचरा आहे. त्यांपैकी कित्येक गळक्या निघाल्या आणि सुमारे 10 लाख गॅलन कचरा जमिनीत मुरला. या वाळवंटी पठारावर एक काटेरी झुडूप उगवते. त्याचे मूळ खोल जाते, जमिनीत पुरलेले स्ट्रॉन्शियम वर ओढते, आणि झुडूप सुकले की बुडखा तुटून वाऱ्याबरोबर गडगडत मैलोगणती जाते. ही झुडपे तपासून गोळा करायला हॅनफर्डमध्ये माणसे नेमावी लागली. नदीकाठच्या तुतीच्या झाडांतही स्ट्रॉन्शियम सापडले. कुंपण, पहारा आणि फलक यांनी माणूस अडतो. मूळ, पाणी आणि वारा अडत नाहीत. फरक इतकाच की हॅनफर्डच्या टाक्यांची यादी, गळतीचे आकडे आणि भूजलाचे नकाशे आज कोणालाही पाहता येतात. 1980 च्या दशकात तिथल्या नागरिकांनी आणि पत्रकारांनी लावून धरल्यावर सरकारने हजारो पानांची जुनी कागदपत्रे खुली केली. स्वच्छता अजून अनेक दशके चालेल, पण ती कशाची करायची हे माहीत आहे.

इथे दुसरी बाजू नीट मांडायला हवी, कारण ती पोकळ नाही. किरणोत्सर्ग ही निसर्गातलीही गोष्ट आहे. केरळच्या करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूत थोरियम आहे, तिथला नैसर्गिक किरणोत्सर्ग सरासरीच्या कित्येक पट आहे, आणि तिथल्या हजारो रहिवाशांचा दीर्घकाळ अभ्यास करूनही त्यामुळे कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. परळीसारख्या औष्णिक केंद्रांच्या राखेतही युरेनियम-थोरियमचे अंश असतात, आणि ती राख उघड्यावर डोंगराएवढी साठते. त्या तुलनेत अणुवीज केंद्राचा तीव्र कचरा आकाराने अगदी थोडा. भारताने हा कचरा काचेत बंदिस्त करण्याचे तंत्र स्वतः उभे केले आहे. मायाकची किंवा हॅनफर्डची टाकी आणि आजचे भारतीय कोठार यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

हे सगळे खरे धरूनच पुढचा प्रश्न विचारायचा आहे. काळजी घेतली जाते, हे शेजाऱ्याला कसे कळणार?

राज्यात हा प्रश्न विचारायची जागा म्हणजे तारापूर. छत्रपती संभाजीनगर आणि तारापूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. सरळ रेषेत पश्चिमेला 280 किलोमीटरच्या आसपास गेले की पालघर जिल्ह्यातला तो किनारा लागतो. पायाखाली दोन्हीकडे दख्खनचा तोच काळा पाषाण आहे. अमेरिकी बनावटीच्या दोन अणुभट्ट्यांनी तारापूरला 1969 मध्ये व्यापारी वीज द्यायला सुरुवात केली. देशातले हे पहिले अणुवीज केंद्र. पुढे 2005 आणि 2006 मध्ये प्रत्येकी 540 मेगावॅटचे दोन संच आले, आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठली. विजेच्या या ओळखीमागे तारापूरची दुसरी ओळख झाकली जाते. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारे कारखाने तिथे आहेत, त्यातून निघणारा तीव्र कचरा वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत ओतणारा विभाग आहे, आणि ते डबे हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड ठेवत साठवणारे कोठारही आहे. कमी तीव्रतेचा घन कचरा जमिनीच्या वरच्या थरातच, काँक्रीटच्या खंदकांत आणि सिमेंटने बंद केलेल्या उभ्या विहिरींत ठेवला जातो. त्या कुंपणापलीकडे घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूर ही मच्छीमारांची गावे आहेत, भाताची खाचरे आहेत, आणि उत्तरेला चिंचणी-डहाणूच्या चिकूच्या वाड्या. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात भूकंपाच्या लहानमोठ्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली, हेही याच भूगोलाचा भाग.

वरच्या थरातले हे खंदक साधारण 300 वर्षे देखरेखीखाली ठेवायचे, असा नियोजनाचा हिशेब आहे. सीझियम आणि स्ट्रॉन्शियमच्या दहा अर्धायुष्यांवरून तो काढलेला आहे आणि शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्याकडे पाहिले की त्याचे वजन कळते. 300 वर्षे मागे गेले तर थोरल्या बाजीरावाने गोदावरीच्या खोऱ्यात निजामाला कोंडीत पकडले तो पालखेडचा काळ येतो, 1728. त्यानंतर या भूमीवरून पेशवाई गेली, इंग्रज आले आणि गेले, 1948 मध्ये निजामशाही संपली, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. मोडी लिपी कचेरीतून गेली, फारसीतले दफ्तर वाचणारे थोडे उरले. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर, अशी एकाच शहराची नावे बदलली. एखाद्या खंदकाची फाइल या सगळ्यातून सुखरूप नेऊ शकेल असे खाते या भूमीवर कधी नव्हते.

संभाजीनगरकरांना याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी शहराला पाणी देण्यासाठी जमिनीखालून नहर काढली. डोंगराकडचे पाणी केवळ उताराच्या जोरावर भूमिगत मार्गाने आणायचे, ठिकठिकाणी उच्छ्वासांच्या विहिरी ठेवायच्या, बंब्यांतून दाब सांभाळायचा आणि घरोघरी हौदांत सोडायचे, अशी ती रचना. पुढे त्याच पद्धतीच्या आणखी नहरी झाल्या, आणि पाणचक्कीचे चाक अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरले. चारशे वर्षांत काय झाले? नहरीच्या माथ्यावर इमारती उठल्या, पाया खणताना मार्ग तुटले, विहिरी बुजल्या, सांडपाणी शिरले. कुठून कुठे जाते हे सांगणारे वस्तीतले जाणते लोक कमी होत गेले. आणि ही तर उपयोगाची, रोज पाणी देणारी, कौतुकाची वस्तू होती. जिचे कोणाला कौतुक नाही, जिच्याकडे जायला मनाई आहे आणि जिच्याविषयी बोलणेही गैर मानले जाते, अशा खंदकाची आठवण तीन शतके कोण ठेवील?

विसरायला शतकेही लागत नाहीत. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने 1968 मध्ये कॅनडाहून कोबाल्ट-60 असलेले एक संशोधन-यंत्र आणले. 1985 नंतर ते वापरात नव्हते. फेब्रुवारी 2010 मध्ये विभागातल्या जुन्या सामानाबरोबर त्याचाही लिलाव झाला आणि मायापुरीच्या भंगारबाजारात कामगारांनी ते फोडले. एकाचा मृत्यू झाला, अनेक जण रुग्णालयात गेले, आणि दुकानांसमोरची दूषित माती उकरून न्यावी लागली. देशाच्या राजधानीत, शास्त्रज्ञांच्या विभागात, फक्त पंचवीस वर्षांत एका घातक वस्तूची ओळख पुसली गेली. दोन वर्षांनी, 2012 मध्ये भारताच्या महालेखापालांनी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या कारभारावर अहवाल दिला. विल्हेवाटीसाठी पाठवायला परवानगी दिलेली किरणोत्सारी साधने खरोखर तिथे पोचली की नाही, हे पडताळण्याची नीट व्यवस्था नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते.

नियामक मंडळाची गोष्ट इथे थोडी थांबून सांगायला हवी. 1983 मध्ये सरकारी आदेशाने ते स्थापन झाले आणि ज्या अणुऊर्जा व्यवस्थेवर लक्ष ठेवायचे तिच्याच छत्राखाली राहिले. 1995 मध्ये या मंडळाने देशातल्या अणुकेंद्रांतल्या सुरक्षेच्या त्रुटींचा अहवाल तयार केला. त्यात 130 च्या आसपास मुद्दे होते, त्यांतले बहुसंख्य तातडीचे. तो अहवाल लोकांना मिळावा म्हणून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ मुंबई उच्च न्यायालयात गेले. तिथे नकार मिळाला. जानेवारी 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही 1962 च्या अणुऊर्जा कायद्यातल्या गुप्ततेच्या कलमाला पाठिंबा दिला. दरम्यान 2000 मध्ये भाभा केंद्राच्या सुविधा मंडळाच्या देखरेखीतून काढून केंद्राच्याच अंतर्गत यंत्रणेकडे दिल्या गेल्या. तारापूरचा काच-कचरा विभाग आणि त्याचे कोठार भाभा केंद्राकडे आहेत. म्हणजे राज्यातल्या सर्वांत तीव्र कचऱ्याची तपासणी तो सांभाळणारी संस्थाच करते. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 1962 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याने खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राचे दार उघडले आणि नियामक मंडळाला अखेर कायद्याचा आधार दिला. माहितीवर निर्बंध घालण्याचा अधिकार मात्र सरकारने याही कायद्यात स्वतःकडे राखला आहे.

गुप्ततेच्या बाजूने सांगितले जाते ते देशाच्या सुरक्षेचे कारण. प्लुटोनियम किती आहे, कुठल्या खोलीत आहे, पहारा कसा आहे, हे जगजाहीर करू नये, याविषयी कोणाही शहाण्या माणसाचे दुमत नसावे. पण घिवलीच्या भातखाचरातल्या मातीत सीझियम किती आणि चिंचणीच्या चिकूत किती, हे कोणत्या शत्रूच्या कामाचे? आणि ते आकडे नाहीत असेही नाही. प्रत्येक अणुकेंद्राजवळ भाभा केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती वीजनिर्मितीच्या आधीपासून काम सुरू करते आणि माती, पाणी, भाजी, दूध, मासे यांचे नमुने नियमित तपासते. ही चांगली शास्त्रीय परंपरा आहे. नियामक मंडळाच्या वार्षिक अहवालांत शेजारच्या लोकांना मिळणाऱ्या डोसचे आकडे येतात आणि ते वर्षाला 1 मिलिसिव्हर्टच्या मर्यादेहून पुष्कळ कमी असतात. पण डोस हा गणिताने काढलेला, इंग्रजी अहवालातला एक आकडा. त्यावरून शेतकऱ्याला आपल्या बांधाची माती समजत नाही. आकडे खरोखर एवढे चांगले असतील, तर ते गावाच्या चावडीवर लावण्यात अणुऊर्जा विभागाचाच फायदा आहे.

न सांगता, न विचारता शेजाऱ्याच्या दारात कचरा ठेवला की काय होते, हे संभाजीनगरने 2018 मध्ये पाहिले आहे. शहराचा कचरा तीन दशकांहून अधिक काळ नारेगावला पडत होता. ढीग वाढला, धूर वाढला, आसपासच्या विहिरींचे पाणी बिघडले. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगाव-मांडकीच्या लोकांनी गाड्या अडवल्या. शहर कचऱ्याने तुंबले. मार्चमध्ये मिटमिट्याला गाड्या नेल्या तेव्हा दगडफेक झाली, लाठीमार झाला. तो कचरा केळीच्या सालीचा आणि प्लॅस्टिकचा होता, किरणोत्सर्गाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण गावाची वागणूक सारखीच असते. एकदा फसवले गेलो असे वाटले की पुढे खरे सांगितले तरी गाव ऐकत नाही, आणि मग जागा शास्त्राने चांगली असूनही तिथे पाऊल ठेवता येत नाही.

विश्वास परत मिळवायचा तर किती खर्च येतो, याचा हिशेब जपानने दिला आहे. 2011 मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्या वितळल्यावर तिथल्या भाताला कोणी हात लावीना. तेव्हा फुकुशिमा प्रांताने 2012 पासून तांदळाचे एकूण एक पोते तपासायला घेतले. तीस किलोचे पोते पट्ट्यावरून यंत्राखाली जाई आणि किलोमागे 100 बेकरेलच्या मर्यादेत असेल तरच बाजारात जाई. वर्षाला 1 कोटीच्या घरात पोती! शेतांत पालाशखत टाकून भाताने सीझियम घेऊ नये अशी व्यवस्था केली. पहिल्या वर्षी मर्यादेबाहेरची 71 पोती निघाली, 2015 पासून एकही नाही, आणि 2020 मध्ये बहुतेक भागांत सरसकट तपासणी थांबवून नमुन्यांवर आणली. त्याच वेळी नागरिकांनी मोजणीची यंत्रे स्वतः जोडून गावोगावचे आकडे खुल्या नकाशावर टाकले. खरवडून काढलेली सुमारे 1 कोटी 40 लाख घनमीटर माती ओकुमा आणि फुताबा इथल्या तात्पुरत्या कोठारात आहे, आणि ती 2045 पर्यंत प्रांताबाहेर नेण्याचे वचन कायद्यात लिहिलेले आहे. ती कुठे जाणार हे ठरवणे जपानलाही जड जात आहे. पण वचन कायद्यात असल्याने त्याचा जाब विचारता येतो.

महाराष्ट्रात हे करायला नवे खाते काढावे लागणार नाही. 2015 पासून देशात मृदा आरोग्य पत्रिका दिली जाते. शेतकऱ्याला नमुना कसा घ्यायचा ते ठाऊक आहे: वरचा पालापाचोळा बाजूला करायचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा घ्यायचा, त्याच्या भिंतीची माती खरवडायची, शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करायची, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत कापडी पिशवीत गट क्रमांकाची चिठ्ठी घालायची. पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये अशी बारा मापे येतात. तारापूरच्या परिसरातल्या गावांसाठी सीझियम हे तेरावे माप आणि स्ट्रॉन्शियम हे चौदावे असावे. सीझियमची तपासणी फारशी किचकट नाही. वाळवलेली माती डब्यात भरून शिशाच्या जाड कवचात, जर्मेनियमच्या शोधकावर काही तास ठेवायची. सीझियम-137 चा गॅमा किरण 662 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या ठरलेल्या जागी रेघ उमटवतो आणि किलोमागे किती बेकरेल ते कळते. स्ट्रॉन्शियमला रासायनिक प्रक्रिया लागते, म्हणून ते निवडक नमुन्यांत पाहावे. हे काम दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ, परभणी आणि राहुरीची कृषी विद्यापीठे, किंवा संभाजीनगरच्या विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग उपकरणे आणि प्रशिक्षण मिळाले तर करू शकतील. एकाच नमुन्याचे दोन भाग करून एक भाभा केंद्राच्या प्रयोगशाळेने आणि दुसरा विद्यापीठाने मोजावा, आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी मराठीत ग्रामपंचायतीला द्यावेत.

दुसरी गोष्ट जमिनीच्या दफ्तराची. कचऱ्याचे खंदक, जुने नळमार्ग, गळतीच्या जागा आणि उचललेली माती जिथे नेली ती जागा, यांची नोंद फक्त खात्याच्या फायलीत राहू नये. भूमी अभिलेखांत, ग्रामसभेच्या दप्तरात, जिल्हा ग्रंथालयात आणि राज्य पुराभिलेखागारात तिच्या प्रती असाव्यात. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात लहानसहान बोजाही चढतो. 300 वर्षे टिकणारा बोजा तिथे चढवायला हरकत कसली? खाती बंद होतात, राज्ये बदलतात, पण जमिनीचा उतारा माणसे पिढ्यान्‌पिढ्या जपतात. फिनलंडने ओन्कालोच्या खडकात सव्वाचारशे मीटर खोल कायमचे कोठार बांधायला घेतले ते 2000 मध्ये युराजोकीच्या नगरपरिषदेने होकार दिल्यावरच. नकार देण्याचा अधिकार तिला कायद्याने होता. अधिकार हाती असलेल्या गावाने प्रश्न विचारले, उत्तरे तपासली, आणि मग जबाबदारी घेतली.

या मागण्यांची पहिली कसोटी तारापूरला नव्हे, रत्नागिरी जिल्ह्यात लागणार आहे. जैतापूरला माडबनच्या सड्यावर प्रत्येकी 1650 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्यांचा प्रकल्प योजलेला आहे. तिथे अजून एकही अणुभट्टी नाही, वापरलेल्या इंधनाचा एकही गठ्ठा नाही. जांभ्याची ती जमीन, हापूसच्या बागा आणि साखरी नाट्याची मासळी आज जशी आहे तशी मोजून ठेवण्याची संधी काँक्रीटची पहिली गाडी येईपर्यंतच आहे. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, नाटे या गावांच्या माती-पाण्याचे, आंब्याच्या पानाफळांचे आणि माशांचे नमुने कृषी विद्यापीठाने आणि अणुऊर्जा विभागाने मिळून घ्यावेत, ग्रामसभेपुढे मोहोरबंद करावेत, आणि एक संच गावाच्या ताब्यात द्यावा. प्रकल्पाचे समर्थक आणि विरोधक या एका मागणीवर एकत्र येऊ शकतात. तिचा खर्च प्रकल्पाच्या खर्चापुढे नगण्य आहे, आणि ती मान्य करायला कोणताही नवा कायदा लागत नाही.